बाळ हलत नाही म्हणाली, तर थांबू नका

संपादक महोदय,

गेल्या श्रावणात माझ्या सुनेला आठवा सरत आला होता. एका संध्याकाळी ती म्हणाली, "आई, बाळ आज फारसं हललं नाही." मी म्हटलं, "दिवस भरत आले की जागा कमी पडते, म्हणून ते गप्प असतं." माझ्या सासूने मला हेच सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी सोनोग्राफीत ठोके मिळाले नाहीत. मुलगी होती.

डॉक्टरबाईंनी नंतर मला बसवून समजावलं. शेवटच्या महिन्यात हालचालीची तऱ्हा बदलते, पण हालचाल कमी व्हायला नको. कमी झाली तर त्याच दिवशी, रात्र असली तरी दवाखाना गाठायचा. लगेच आणलं असतं तरी बाळ वाचलंच असतं असं नाही, हेही त्या बोलल्या. सुनेचा बीपी चढलेला होता. रक्त आठ होतं, ते निदान अकरा हवं. बाळ दिवसांच्या मानाने लहान होतं. मग त्यांनी विचारलं, "मिश्री लावते?" लावते. लग्नानंतर ती सवय मीच लावली. तंबाखूने वारेतून बाळाला मिळणारं रक्त कमी होतं, हे मला पन्नाशीत कळलं.

तिच्या दोन तपासण्या चुकल्या होत्या. वागळे इस्टेटमध्ये ठेकेदाराकडे पॅकिंगचं काम, दिवसभर उभं राहून. खाडा केला की रोज बुडाला. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते, पण तीही कामाच्याच वेळात. कळवा, मुंब्रा, दिवा भागात रोजावर जाणाऱ्या बायका घरोघरी आहेत. महापालिकेने आठवड्यातून दोन दिवस तरी संध्याकाळी सात ते नऊ तपासणी ठेवावी. आणि सुनेबरोबर सासूलाही आत बोलवावं. घरात माझं ऐकतात, तर मला माहीत असायला हवं होतं.

आणखी एक. पंधराव्या दिवशी ठेकेदाराचा फोन आला, "मूलच नाही तर रजा कसली?" मातृत्व रजेच्या कायद्यात 'मूल' म्हणजे मृत जन्मलेलं मूलही धरलं आहे, हे आम्हाला फार उशिरा कळलं. सून दुसऱ्या दिवशी कामावर जाऊन उभी राहिली. तिचं दूधही तेव्हा आटलं नव्हतं.

— एक सासू, विटावा, कळवा (ठाणे)