चाल एकाची, शब्दांवर नाव मेलरोजचं

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार,

रविवारच्या पुरवणीतला मुंबईच्या जुन्या जॅझवरचा लेख वाचला, मजा आली. ताजमध्ये पियानो वाजवणारा टेडी वेदरफर्ड आधी शिकागोत गाजलेला होता हे लिहिलंत ते छानच, पण मग अख्खं शिकागो तुम्ही आर्मस्ट्राँग, किंग ऑलिव्हर आणि जेली रोल मॉर्टन या तीन वादकांच्या नावांत गुंडाळलंत. या तिघांचंही संगीत ज्यानं छापून विकलं तो वॉल्टर मेलरोज (१८८९–१९७३) लेखात औषधालाही नाही. तो नसेल तर त्या काळातला पैसा कुठून कुठे गेला हे वाचकाला कसं कळणार?

वॉल्टर आणि त्याचा भाऊ लेस्टर यांचं शिकागोच्या साउथ साइडला, कॉटेज ग्रोव्ह रस्त्यावर म्युझिकचं दुकान होतं. १९२३ मध्ये दुकानावर मॉर्टनच्याच 'वुल्व्हरिन ब्लूज' या चालीचा मोठा बॅनर लावलेला, तो बघून एक माणूस गळ्यात भडक रुमाल, डोक्यावर काउबॉय हॅट अशा थाटात आत घुसला आणि जॅझ मीच काढलं म्हणून ओरडायला लागला, तो मॉर्टन, ही आठवण लेस्टरनंच पुढे सांगितलीय. त्याच वर्षी ही मंडळी प्रकाशनात जोरात उतरली.

आता गंमत बघा. चाली बहुतेक नुसत्या वाजवायच्या, त्यात गाणं नाहीच. मेलरोज त्या घ्यायचा, त्यावर शब्द लिहायचा आणि गीतकार म्हणून आपलं नाव टाकायचा. 'टिन रूफ ब्लूज' वाजवली न्यू ऑर्लीन्स रिदम किंग्ज या बँडच्या पोरांनी, शब्द मेलरोजचे. ऑलिव्हरची 'डिपरमाउथ ब्लूज' 'शुगर फूट स्टॉम्प' या नावानं छापली, शब्द पुन्हा ह्याचेच. ते शब्द गायलं कोण? जवळपास कुणीच नाही. पण अमेरिकेच्या १९०९ च्या कायद्यानं रेकॉर्डच्या प्रत्येक प्रतीमागे गाण्याला २ सेंट मिळायचे, ते आधी प्रकाशकाकडे जमा, आणि मग गीतकार म्हणून नाव असलं की संगीतकाराच्या वाट्यातही भागीदारी. म्हणजे दोन्ही खिसे एकाच कोटाचे!

एक अपवाद मात्र मान्य करायला हवा, १९२६ ची 'डॉक्टर जॅझ'. चाल ऑलिव्हरची, आणि टेलिफोन ऑपरेटरला डॉक्टर जॅझशी जोडून द्या म्हणणारे ते शब्द मॉर्टन स्वतः असे काही रेटून गातो की तिथे गीतकाराची मजुरी वसूल झाली असं मी तरी म्हणेन.

आणि नुसता चोर म्हणून त्याला मोडीत काढणंही बरोबर नाही. मॉर्टनची व्हिक्टर कंपनीसाठीची रेड हॉट पेपर्स या त्याच्या बँडची रेकॉर्डिंग्ज १९२६ मध्ये ह्याच्याच खटपटीनं सुरू झाली. मेलरोजच्या छापील अरेंजमेंट (कुठल्या वाद्यानं काय वाजवायचं त्याची लिखित मांडणी) विकत घेऊन गावोगावचे बँड त्या चाली वाजवायचे. १९२७ मध्ये त्यानं आर्मस्ट्राँगचे १२५ ब्रेक्स (बाकी बँड थांबल्यावर एकट्यानं वाजवायचे छोटे तुकडे) आणि ५० कोरस (अख्ख्या चालीवरचं एकट्याचं वादन) नोटेशनसकट दोन पुस्तकांत काढले, कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं वाद्य) शिकणाऱ्या पोरांसाठी. ऐनवेळी सुचलेलं वादन कागदावर उतरवून दुकानात विकायचं हे डोकं त्याचंच.

पण मॉर्टनचं काय झालं तेही छापा की. त्याची 'किंग पोर्टर स्टॉम्प' मेलरोजनं १९२४ मध्ये छापली, १९३५ मध्ये बँडवाल्या बेनी गुडमननं ती तुफान गाजवली, आणि तेव्हा मूळ संगीतकार वॉशिंग्टनमधल्या एका छोट्या क्लबात पियानो वाजवत होता. मेलरोजनं आपली रॉयल्टी बुडवली ही तक्रार तो शेवटपर्यंत करत राहिला. हक्काचे पैसे गोळा करणारी अ‍ॅस्कॅप ही संस्था १९१४ पासून होती, त्याला सभासदत्व मिळालं १९३९ मध्ये, आणि १९४१ मध्ये तो गेलाच. मेलरोज त्यानंतर तीस-बत्तीस वर्षं जगला. १९५४ मध्ये 'टिन रूफ ब्लूज'च्या चालीवर नवे शब्द चढवून जो स्टॅफर्ड या गायिकेनं गाणं केलं, ते अमेरिकेत एक नंबरला गेलं, आणि त्याच्या श्रेयनामावलीतही वॉल्टर मेलरोज आहेच!

लेखमालेचा पुढचा भाग येणार असेल तर जुन्या रेकॉर्डच्या लेबलांचे फोटो मोठे छापा, कंसातली संगीतकार-गीतकारांची नावं वाचता येतील एवढे. यावेळचे भिंगाखाली धरूनही वाचता आले नाहीत.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे