सहा तारा आणि दोन रंगांचा दोरा

मामा, सप्रेम नमस्कार.

मोबाईलवर एवढं लांबलचक तुम्ही वाचणार नाही, ठाऊक आहे. नातवाला वाचून दाखवायला सांगा.

काल रात्री माझ्या छोट्या मिलिंग मशीनवर पितळेत सलग 1 मिलिमीटरचा कट घेतला. मशीन अडखळलं नाही की किंचाळलं नाही. स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला, "पडलं का बंद?" गेली दोन वर्षं त्या खोलीत शांतता म्हणजे बंद मशीन, एवढंच तिला माहीत!

या मशीनपायी कुणाकुणाचे उंबरे झिजवले ते आज सांगतोच. मूळची मोटर डीसी, 350 वॅटची. ब्रश झिजले, कम्युटेटर काळा पडला, स्पीडचं कार्ड दोनदा जळालं. मशीन विकणाऱ्याने दुसऱ्या खेपेला फोन उचलणंच सोडून दिलं. एका वर्कशॉपवाल्याने सल्ला दिला, "रिटायर झालाय ना काका, नातवंडं खेळवा." आणखी एकाने अर्ध्या एचपीची थ्री फेज मोटर आणि घरच्या सिंगल फेजवर चालून तिला थ्री फेज पुरवणारा ड्राइव्ह गळ्यात मारला. जोडा, पळतंय म्हणाला. पळत होतं खरं, मोकळं असेतो. कटर धातूला टेकला की मोटर नुसती घुमायची आणि उभी राहायची. तक्रार घेऊन गेलो तर चूक माझीच, म्हणे कट जास्त घेता.

शेवटी मोटर घेऊन तुमच्याकडे आलो. तुम्ही कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या त्या पत्र्याखाली नेमप्लेटवरून अंगठा फिरवलात आणि म्हणालात, "ही स्टारमधी हाय, 415 ची. तुमचा ड्राइव्ह देतोय 230. अर्ध्या पोटी राबवायला लागलायसा की हिला."

बँकेत 34 वर्षं आकडे मोडले, पण हा हिशोब तुमच्याकडे कळला. स्टार म्हणजे तिन्ही वाइंडिंगांची एकेक टोकं आत एका गाठीत बांधलेली. त्यात 415 व्होल्टना 1.73 ने भागायचं, म्हणजे प्रत्येक वाइंडिंगच्या वाट्याला 240 च येतात. आतली ती गाठ सोडून डेल्टा केला, म्हणजे एकाचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीला जोडला, की तीच मोटर 230 वर पोटभर चालते. नाहीतर ताकद उरते जेमतेम तिसरा हिस्सा. ज्याने मला दोन्ही वस्तू एकाच बिलावर विकल्या, त्याला हे माहीत नसेल? की सांगायचा कंटाळा?

वॉर्निशमध्ये थिजलेली ती गाठ तुम्ही कशी मोकळी केलीत, ते मला धड सांगता येणार नाही. मला आठवतो तो दोरा. तीनाच्या सहा तारा बाहेर काढल्यावर तुम्ही त्यांवर नंबरांच्या चिठ्ठ्या लावायला घेतल्यात, माझ्याकडे एकदा बघितलंत आणि चिठ्ठ्या बाजूला ठेवल्यात. मग सुरुवातीच्या तीन तारांना पांढरा दोरा, शेवटच्या तिन्हींना लाल, आणि प्रत्येकावर एक, दोन, तीन अशा गाठी. "हाताला कळंल," एवढंच बोललात. मी नेमप्लेट वाचताना चष्मा तीनदा वर-खाली केला होता. मोतीबिंदूचं मी तुम्हाला सांगितलंही नव्हतं, मामा.

घरी आलो तेव्हा लाइट गेलेली. अंधारात बसून बोटांनी गाठी मोजल्या. पांढरी एक, लाल एक. डोळे भरून आले, त्याचा दोष मोतीबिंदूवर ढकलला.

माझे वडील याच उद्यमनगरात ऑइल इंजिनवर फिटर होते. गिऱ्हाइकाला काय दुखतंय ते त्याने सांगायच्या आधी ओळखणारी माणसं तेव्हा गल्लोगल्ली असायची, असं ते सांगत. म्हाताऱ्याचा गहिवर म्हणून मी सोडून द्यायचो. कारागिराचं भलेपण अशा बारक्या ठिकाणी दिसतं, पाटीवर नाही. तुमच्या दुकानाला तर पाटीच नाही. आणि पैसे? 400 घेतलेत, त्यातलेही 50 "चहाला ऱ्हाऊ द्या" म्हणून परत दिलेत.

स्लो स्पीडला फार वेळ चालवू नका, तिचा पंखा तिच्याच शाफ्टवर हाय, असं बजावलं होतंत. लक्षात आहे. अर्ध्या तासाने हात लावून बघतो, तापली का.

या मशीनवर करायला घेतलेल्या वाफेच्या इंजिनाचा सिलिंडर निम्मा झालाय. जुनी डीसी मोटर तुम्ही ब्रश होल्डरसाठी मागितली होतीत, ती पिशवीत घालून दाराशी ठेवली आहे. शनिवारी सकाळी घेऊन येतो. दोरे अजून सोडलेले नाहीत.

तुमचा,
राजारामपुरीतला चष्मेवाला