टॉवरच्या भरवशावर घरचं इंटरनेट: दूरसंचार मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. ज्योतिरादित्य शिंदे,
केंद्रीय दळणवळण मंत्री, नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीतच लिहितोय. मूळच्या सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडच्या शिंद्यांशी मराठीत बोलायला संकोच कसला?

दापोली तालुक्यातल्या आमच्या गावात हल्ली छपरांवर पांढरे डबे दिसू लागलेत. डब्याने टॉवरवरून ५जी पकडायचं, तिथून वायर घरात आणायची, आत राउटर लावायचा, की झालं घरचं ब्रॉडबँड. सोय चांगली आहे, हे आधीच सांगतो. कोकणात घरं वाड्यावाड्यांत विखुरलेली आणि खाली जांभा. चर खणायचा म्हणजे खर्च, आणि खणून टाकलेली केबल नळपाणी योजनेचा जेसीबी आला की तुटलीच. दहा घरांच्या वाडीपर्यंत फायबर कोण नेणार? हवेतून येत असेल तर येऊ दे.

माझा काजू प्रक्रियेचा छोटा कारखाना आहे. जोडणीला आलेला पोरगा मोबाईलवर सिग्नल बघत छपरावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला आणि वरून ओरडला, "काका, माड आडवा येतोय!" शेवटी पाण्याच्या टाकीला पाइप उभा करून, क्लॅम्प आवळून त्याने डबा बसवला. दुपारचा वेग बघून मी खूश. रात्री नऊला तोच वेग इतका खाली, की ई-वे बिलाचं (माल पाठवताना ऑनलाइन काढायच्या कागदाचं) पानसुद्धा उघडेना.

कारण साधं आहे. टॉवरच्या एका बाजूच्या अँटेनाची जी काही क्षमता असेल, ती त्या दिशेच्या सगळ्यांत वाटली जाते. फोनवाले थोडंथोडकं वापरतात. पण घरातला टीव्ही एचडी चित्र तासभर दाखवायचा तर तीनेक जीबी खातो. अशी घरं त्याच अँटेनाला जोडत गेलं की संध्याकाळी सगळ्यांच्याच वाट्याला कमी येतं. त्यात टॉवरलाच मागून इंटरनेट पुरवायला फायबर नसून दुसऱ्या टॉवरवरून हवेतून येणारी रेडिओ लिंकच असेल, तर नरसाळ्याचं तोंड कितीही मोठं केलं तरी उपयोग काय? गणपतीत चाकरमानी आले की विचारूच नका. पण नवी जोडणी विकताना "या अँटेनावर आता जागा नाही" असं कुणी सांगितल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

कागदावर लिहिलेला असतो तो वरचा वेग. खालचा कुठेच नाही. जानेवारी २०२३ पासून ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला किमान २ एमबीपीएस लागतात, म्हणजे १०० चा प्लॅन विकून ३ दिले तरी व्याख्येत बसतं! ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामकाचे, सेवेच्या दर्जाचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले, कंपन्यांना कव्हरेजचे नकाशे संकेतस्थळावर टाकावे लागतात, हे चांगलंच झालं. पण माझ्या गावावर रंग भरलेला आहे की नाही, एवढंच नकाशा सांगतो. रात्री नऊला काय मिळेल, ते सांगत नाही.

दुसरी गोष्ट विजेची. पावसाळ्यात फांदी पडून लाइन गेली की टॉवर बॅटरीवर जातो, आणि बॅटरी संपली व जनरेटरला डिझेल पोचलं नाही की मुका होतो. माझ्या घरी इन्व्हर्टर आहे, राउटरचे दिवे छान लुकलुकत असतात, आणि इंटरनेट शून्य. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर इथल्या लोकांना मुंबईतल्या मुलांना साधी खुशाली कळवता येत नव्हती. तेव्हा ही गैरसोय फोनपुरती होती. आता धंदा त्याच टॉवरवर बसलाय. माल राज्याबाहेर पाठवायचा आणि किंमत ५० हजारांवर असेल तर ई-वे बिलाशिवाय गाडी हलत नाही. ड्रायव्हर चहा पिऊन पिऊन कंटाळतो, व्यापाऱ्याचा फोन लागत नाही (लागणार कसा, टॉवर तोच), आणि भाडं मात्र वाढत राहतं. त्या दिवसांचे पैसे इंटरनेटच्या बिलातून आपोआप वजा होत नाहीत. मागायला गेलं की तक्रार क्रमांक मिळतो.

दर्जाचे नियम ट्राय करतं, हे ठाऊक आहे. पण परवान्याच्या अटी आपल्या खात्याच्या हातात आहेत, म्हणून आपल्याला लिहितोय. जी जोडणी घरासाठी किंवा दुकानासाठी म्हणून विकली जाते, तिला मोबाईलचे सैल निकष नकोत. संध्याकाळी सात ते अकरा किमान किती वेग मिळेल, ते कंपनीने विकतानाच लेखी द्यावं. सेवा दिवसभर बंद राहिली तर जोडणीच्या भाड्यात सूट ग्राहकाने न मागता मिळावी. आणि ज्या टॉवरवर अशा जोडण्या विकायच्या, त्याला आधी फायबर आणि पावसाळ्यात टिकेल इतकी बॅटरी हवी. केबल टाकायला परवानग्या मिळत नाहीत, ही सबब आता फारशी चालू नये. मार्गाधिकाराचे (केबल-टॉवरसाठी जागा वापरू देण्याचे) नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत. ग्रामपंचायतींना फायबरने जोडणाऱ्या सुधारित भारतनेट योजनेला ऑगस्ट २०२३ मध्ये १ लाख ३९ हजार कोटी मंजूर झाले. ते फायबर ग्रामपंचायतीपर्यंत येणारच असेल, तर पुढे गावच्या टॉवरपर्यंत न्यायचं काम त्याच निविदेत घाला. आमच्याकडे हे अंतर चालत पाच मिनिटांचं आहे.

कळावे,
एक काजू कारखानदार,
ता. दापोली, जि. रत्नागिरी