पट मोजून दर्जा कळत नाही

शाळेचा दर्जा म्हटला की वर्गखोल्या, शौचालये, संगणक आणि पट मोजतात. मोजायला सोपे, एवढेच कारण. मूल वाचते का, हे त्यातून कळत नाही. २००५पासून ग्रामीण भागात होणाऱ्या 'असर' या मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीची रीत साधी आहे: जिल्ह्यात ३० गावे, गावात २० घरे आणि प्रत्येक मुलाची एकेकट्याने तोंडी चाचणी. आधी पहिलीच्या पातळीचा उतारा. जमला तर दुसरीची गोष्ट, अडले तर सुटे शब्द, मग अक्षरे. पाचपैकी चार शब्द बरोबर यायला हवेत. गणितात हातच्याची वजाबाकी, मग भागाकार.

घरी तपासल्याने सतत गैरहजर राहणारे मूलही मोजले जाते. शाळेतल्या चाचणीत तेच निसटते, शिवाय कच्च्या मुलांना 'उद्या येऊ नको' म्हणणारे कुठे कमी आहेत?

ही पाहणी मुळात खेड्यांची. त्यामुळे नागपूर शहरातल्या वस्त्यांचे चित्र त्यात उमटत नाही. महापालिकेने शहरातही अशी पाहणी करावी आणि प्रभागवार घरे चिठ्ठ्या टाकून निवडावीत. तपासणारे त्याच शाळेचे शिक्षक नसावेत. खासगी शाळांशी तुलना मात्र नको: शिकवणी आणि घरची परिस्थिती वजा केल्याशिवाय ती फसवी ठरते.

– एक वाचक, नागपूर