पाच वेळा खरं, सहाव्यांदा?

चि. ईशान यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, एखादा नियम पाच वेळा बरोबर आला तर सहाव्यांदा कशाला तपासायचा? हे बोलून उमगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते आहे. वही-पेन घेऊन बस.

३, ५, १७, २५७, ६५,५३७. संख्येतून १ वजा कर, उरेल त्याचा वर्ग कर, त्यात १ मिळव, की पुढची संख्या येते. या पाचही मूळ संख्या आहेत. ही रांग कितीही लांबवली तरी मूळ संख्याच मिळतील, असं फ्रान्समधल्या फर्मा या गणितज्ञानं १६४० मध्ये पत्रांतून लिहिलं. सिद्धता हाती नव्हती आणि तसं तो सांगतही होता, पण खात्री पक्की होती.

सहावी संख्या ४,२९,४९,६७,२९७. तिला सरळ तपासायचं तर ६५,५३६ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागेल, आणि त्या साडेसहा हजारांवर आहेत. १७३२ मध्ये रशियात सेंट पीटर्सबर्गला असलेल्या ऑयलर या गणितज्ञानं जाहीर केलं, की हिला ६४१ नं भाग जातो. ६४१ × ६७,००,४१७. गुणून बघ. मागाहून त्यानं हेही सिद्ध केलं, की हिचा कुठलाही मूळ विभाजक ६४ च्या पटीत १ मिळवून आलेलाच असतो. म्हणजे १९३, २५७, ४४९, ५७७ एवढ्या चौघांना वगळलं, की पाचव्या भागाकाराला ६४१! साडेसहा हजारांचं काम पाचावर आलं, ते विभाजक कसा असेल याचा आधी विचार केल्यामुळे.

मला मात्र याहून आवडतो तो भागाकार न करता दिलेला पुरावा. ६४१ म्हणजे ६४० + १, आणि ६४१ म्हणजे ६२५ + १६ सुद्धा. ६४१ नं भागताना ६४० ला एक कमी पडतो, म्हणून त्याची बाकी −१ धर. मग ६४० च्या चौथ्या घाताची बाकी १. पण ६४० = ५ × १२८, म्हणून तो चौथा घात म्हणजे ६२५ गुणिले २ चा २८ वा घात. ६२५ ची बाकी −१६, आणि १६ म्हणजे २ चा चौथा घात. तेव्हा उणे '२ चा ३२ वा घात' याची बाकी १ आली. म्हणजेच २ चा ३२ वा घात अधिक १ याला ६४१ नं पूर्ण भाग जातो, आणि तीच आपली सहावी संख्या, कारण ६५,५३६ म्हणजे २ चा १६ वा घात आणि त्याचा वर्ग म्हणजे २ चा ३२ वा घात. सावकाश, दोनदा वाच. मला पहिल्या वाचनात इतका आनंद झाला होता की तो तुला मिळावा असं फार वाटतं.

सातवीही मूळ नाही, आठवीही नाही. या रांगेत पाचानंतर आणखी एकही मूळ संख्या आजवर कुणाला सापडलेली नाही.

आता तू पहिल्या पाचांचा गुणाकार कर. आपल्या सहावीपेक्षा बरोबर २ नं कमी येईल. तसं का, ते रविवारी फोनवर सांग. वर्गांतल्या फरकाचं सूत्र तुला येतंच.

तुझी,
आई