बेटावरच्या सहलीआधी दोन दिवस जलतरण तलावात

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

संक्रांत उलटली की आपल्या शहरात उन्हाळी सहलींच्या जाहिराती झळकू लागतात आणि त्यांत अंदमानचे नाव हमखास असते. सेल्युलर जेलमधील सावरकरांची कोठडी पाहण्याची ओढ मराठी माणसाला तिकडे नेते हे खरेच आहे. परंतु पाच-सहा दिवसांच्या त्या कार्यक्रमपत्रिकेत 'छोट्या बेटावर दिवसभराची सहल, स्नॉर्केलिंगसह' अशी एक ओळही असते. सहल विकणारा ती ओळ भरभर वाचून पुढे जातो आणि पैसे भरणारा तिच्याविषयी काही विचारत नाही. स्नॉर्केलिंग म्हणजे डोळे-नाक झाकणारा काचेचा मास्क लावून, तोंडात श्वासाची नळी धरून, पाण्यावर पालथे तरंगत खालचा तळ पाहणे. हे पत्र त्या एका ओळीविषयी आहे.

गेल्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस आमच्या वसाहतीतील 22 जणांचा गट नागपुरातील एका आयोजकामार्फत अंदमानला गेला होता. मी निवृत्त शिक्षिका आहे. प्रवाळाची आकृती मी 30 वर्षे फळ्यावर काढली, शुंडके आणि दंशपेशी यांची नावे मुलांकडून घोकून घेतली, पण जिवंत प्रवाळ मी वयाच्या 63व्या वर्षापर्यंत पाहिलेले नव्हते. आपल्याकडे पोवळे दिसते ते सराफाच्या दुकानात, मंगळाच्या अंगठीत बसवलेले. त्यामुळे त्या सहलीतील कोठडीइतकीच, खरे सांगायचे तर तिच्याहून थोडी अधिकच, मी या बेटाच्या दिवसाची वाट पाहत होते.

पोर्ट ब्लेअर, ज्याचे नाव 2024 मध्ये श्री विजयपुरम झाले, तेथून सुमारे 30 किलोमीटरवर वंडूर आहे. 1983 साली स्थापन झालेल्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात 15 बेटे येतात. त्यांतील जॉली बॉय आणि रेड स्किन ही दोन बेटे आळीपाळीने पर्यटकांसाठी उघडली जातात, म्हणजे एकावर माणसांची वर्दळ असताना दुसऱ्याला विसावा मिळतो. वंडूरच्या धक्क्यावर प्रत्येकाच्या पिशवीतील प्लास्टिक तपासले जाते, आणि आमच्या गटाची पहिली फजिती तेथेच झाली, कारण संत्रा बर्फी, चिवडा आणि शेव यांची सगळी शिदोरी प्लास्टिकच्या पाकिटांत होती. एका वहिनींनी दूरदृष्टीने आणलेल्या स्टीलच्या डब्यात चिवडा आणि बर्फी एकत्र कोंबून आम्ही बोटीत बसलो. हा नियम आयोजकाला ठाऊक असणारच, पण निघण्यापूर्वी त्याने तो आम्हाला सांगितला नव्हता.

बर्फीला चिवड्याचा वास लागला, याचे मला दुःख नाही. पुढे पाण्यात जे घडले, त्याचे मात्र आजही वाईट वाटते. आमच्यातील चौघांनाच पोहता येत होते. उरलेल्यांपैकी कोणीही तोंडात नळी धरून श्वास घेण्याचा प्रयोग आयुष्यात केलेला नव्हता. किनाऱ्यावर प्रत्येकाच्या डोळ्यांना मास्क बांधला गेला, 'नाकाने श्वास घेऊ नका, तोंडाने घ्या' एवढी एका वाक्याची शिकवण मिळाली आणि दोघा-दोघांना रबरी रिंगला धरून आत नेण्यास सुरुवात झाली. पहिल्याच मिनिटाला पाणी नाकातोंडात गेल्यामुळे सात जण परत फिरले. एका काकांच्या भरघोस मिशांमुळे मास्क चेहऱ्याला चिकटेना. पाणी आत झिरपू लागताच ते घाबरले, त्यांनी रिंग सोडली आणि जे पहिले पायाखाली लागले त्यावर ते उभे राहिले. ते प्रवाळ होते. वाटाड्या पोरगा "नीचे पाँव मत रखना" म्हणून ओरडत राहिला, पण कानात पाणी गेलेल्या माणसाला ते ऐकू जाईना. फांदी मोडल्याचा आवाज मी ऐकला नाही. मोडलेला तुकडा मात्र तळाशी पडलेला पाहिला. काकांच्या पायालाही धारदार कड लागून रक्त आले.

काकांना दोष देण्यात अर्थ नाही. बुडण्याची भीती वाटणारा माणूस पाय टेकवायला जागा शोधणारच. शिवाय पाण्यात मास्क लावून पाहिले असता वस्तू आहे त्याहून सुमारे एक-तृतीयांशाने मोठी आणि सुमारे एक-चतुर्थांशाने जवळ दिसते, त्यामुळे तळ उथळ असल्याचा भास होतो. हे अपवर्तन मी वर्गात शिकवले आहे, आणि तरीही पाण्यात माझा स्वतःचा पाय तसाच खाली गेला होता.

मोडलेल्या त्या तुकड्याचे मूल्य नागपूरकराला समजावे म्हणून एक गोष्ट सांगते. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघ आहे आणि त्याच अनुसूचीत प्रवाळखडक बांधणारे प्रवाळही आहेत. कायद्याच्या लेखी दोघांचे संरक्षण एकाच पायरीवरचे. प्रवाळ हा दगड नाही आणि वनस्पतीही नाही. तो सूक्ष्म प्राण्यांची वसाहत आहे. त्यांच्या शरीरात एकपेशीय शैवाल राहतात, सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात आणि प्रवाळाला रंगही देतात. काही घट्ट गोलाकार प्रवाळ वर्षाला जेमतेम एक सेंटीमीटर वाढतात, म्हणजे माणसाच्या डोक्याएवढा गोळा तयार व्हायला दहा-वीस वर्षे जातात. समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा एखाद-दुसऱ्या अंशाने तापले आणि ते तसेच काही आठवडे राहिले, तर शैवाल बाहेर टाकले जाते आणि प्रवाळ पांढरे पडते. 2010च्या उन्हाळ्यात अंदमानात हे मोठ्या प्रमाणावर घडले होते. तापलेल्या समुद्रावर आपला इलाज नाही, पायावर आहे.

ताडोबात आणि पेंचमध्ये आपण जिप्सीतून खाली उतरत नाही, आवाज करत नाही, गाभा क्षेत्रात मोबाइल बाहेर काढता येत नाही, आणि ही शिस्त आता आपल्या अंगवळणी पडली आहे. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात वाघीण आणि तिच्या बछड्यांची वाट पर्यटकांच्या जिप्सींनी अडवली, तेव्हा 2025च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून त्याची दखल घेतली आणि शहरात सर्वांना ते योग्यच वाटले. त्याच शहरातील 22 माणसे समुद्रात मात्र वाघाच्या पाठीवर उभे राहण्याजोगी चूक करून आली, आणि परतताना विमानात त्यांतील कोणाच्याही ती ध्यानात नव्हती. मी हे तुच्छतेने म्हणत नाही. त्या 22 जणांत मीही होते.

माझे म्हणणे असे आहे की गट नेणाऱ्या आयोजकांनी निघण्यापूर्वी नागपुरातच, एखाद्या जलतरण तलावाच्या उथळ बाजूला, प्रत्येकी तासाभराचे दोन सराव घ्यावेत आणि त्याचा खर्च सहलीच्या पैशांत उघडपणे धरावा. माझी ही कल्पना परतल्यावरची आहे. काकांनी आणि मी उसना मास्क घेऊन एका तलावात कंबरेइतक्या पाण्यात हे करून पाहिले, आणि पहिल्या अर्ध्या तासातच आम्हाला कळले की अंदमानात आम्हाला जे अशक्य वाटले, ते केवळ अनोळखी होते.

मास्क चेहऱ्याला नीट बसतो की नाही, हे पट्टा न बांधता नुसता लावून नाकाने हलका श्वास आत ओढला की समजते. तो चिकटून राहिला तर ठीक. मिशीवाल्यांनी वरच्या ओठाजवळची मिशी बारीक करावी किंवा तेथे थोडे व्हॅसलीन लावावे. काच धुकटू नये म्हणून आतून थुंकी चोळून धुऊन घेणे हा जगभरचा उपाय आहे, आणि आपल्याकडच्या सोवळ्या मंडळींना तो सांगताना मला थोडी मौज वाटली. नळीत पाणी शिरले तर घाबरून डोके वर काढण्याऐवजी जोराने फुंकर मारायची असते, ही एक गोष्ट दहा वेळा करून पाहिली की निम्मी भीती जाते. श्वास संथ आणि खोल घ्यावा लागतो; भराभर उथळ श्वास घेतला तर नळीतील वापरलेलीच हवा पुन्हा आत जाते आणि धाप लागते. चष्मा मास्कच्या आत घालता येत नाही, त्यामुळे मोठा नंबर असलेल्यांनी नंबराच्या काचेचा मास्क मिळेल का, हे आधी विचारावे; नाहीतर इतक्या लांब जाऊन हिरवा-निळा धूसरपणाच पाहावा लागेल. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लाइफ जॅकेट घालून पालथे तरंगत राहणे आणि थकवा आल्यास पाय खाली न टाकता उताणे होणे. काकांना दुसऱ्या दिवशी ते जमले. त्यांचे वय 68 आहे.

पोशाखाविषयीही सहलीआधी कोणीतरी मोकळेपणाने बोलायला हवे. आमच्या गटातील सहा जणी केवळ 'असे कपडे घालून कसे उतरायचे' या संकोचाने बेटावरच्या झाडाखाली बसून राहिल्या. पूर्ण बाह्यांचा आणि पायघोळ असा पोहण्याचा पोशाख बाजारात सहज मिळतो. त्यात संकोचही उरत नाही आणि तासभर पालथे राहिल्याने पाठ भाजण्याची भीतीही राहत नाही. सनस्क्रीनची गरज त्यामुळे चेहऱ्यापुरती राहते, हा आणखी एक लाभ, कारण काही सनस्क्रीनमधील ऑक्सिबेन्झोन हे द्रव्य प्रवाळास घातक ठरू शकते आणि अमेरिकेच्या हवाई राज्याने 1 जानेवारी 2021 पासून अशा सनस्क्रीनची विक्री बंद केली आहे.

हंगामाविषयी थोडक्यात. आपल्याकडे शाळांना सुट्टी लागते तेव्हाच तिकडचे पाणी सर्वाधिक तापलेले असते आणि मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास तेथे नैर्ऋत्य मोसमी पाऊस पोहोचतो. ज्यांना मुलांच्या सुट्टीचे बंधन नाही, त्या ज्येष्ठांच्या गटांनी जानेवारी ते मार्च हे महिने निवडावेत. नागपूरपेक्षा तेथे सूर्य ऋतूनुसार सुमारे पाऊण ते एक तास आधी मावळतो, म्हणून बेटावरचा दिवस वाटतो त्याहून लहान असतो आणि सकाळची बोट चुकवून चालत नाही.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र थोडक्यात आटोपता येणार नाही. 26 जानेवारी 2014 रोजी पोर्ट ब्लेअरजवळ क्षमतेपेक्षा अधिक पर्यटक घेतलेली बोट बुडाली आणि वीसहून अधिक माणसे गेली. आपल्याच शहराजवळ 2017च्या जुलैत वेणा जलाशयात तरुणांची नाव उलटली. त्यांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते, हे अनेकांच्या स्मरणात असेल. बोटीत किती माणसे बसवण्याची परवानगी आहे, हे विचारण्याची आपल्याला लाज वाटते, कारण 'तुम्हाला भीती वाटते का' असे कोणी म्हणेल. विचारावे. अंदमानच्या खाड्यांत आणि काही किनाऱ्यांवर खाऱ्या पाण्यातील मगरी आहेत. 2010 मध्ये हॅवलॉक बेटाजवळ स्नॉर्केलिंग करणाऱ्या एका परदेशी पर्यटक तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. त्यामुळे किनाऱ्यावरचा इशाऱ्याचा फलक हा फोटोची पार्श्वभूमी समजू नये आणि वाटाड्याने दाखवलेल्या जागेबाहेर जाऊ नये. हृदयविकार, दमा किंवा फिट येण्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये. आमच्या गटात अशा तिघांची कोणीही चौकशी केली नव्हती.

आयोजकांना माझी विनंती आहे की सहलीच्या माहितीपत्रकात त्या एका ओळीऐवजी अर्धे पान द्यावे. त्यात पोहता येणे आवश्यक आहे की नाही, किती माणसांमागे एक वाटाड्या असेल, प्लास्टिकचा नियम काय, पाण्यात प्रत्यक्ष किती मिनिटे मिळतील आणि ज्याला उतरायचे नाही त्याच्यासाठी काचेच्या तळाच्या बोटीची सोय आहे का, हे स्वच्छ लिहावे. शिंपले, प्रवाळाचे तुकडे वेचून आणू नयेत हेही त्यात असावे, कारण किनाऱ्यावर मृत दिसणारा प्रवाळाचा तुकडाही वर सांगितलेल्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. ज्येष्ठ नागरिक संघांनी आणि महिला मंडळांनी पैसे भरण्यापूर्वी हे अर्धे पान मागावे. गिऱ्हाइकाने मागितल्याशिवाय ते छापले जाणार नाही, असा माझा अनुभव आहे. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात स्नॉर्केलिंगसाठी गट नेणाऱ्यांनाही यातले बहुतेक सारे लागू पडते.

आमच्या भिशीतील अकरा जणी येत्या फेब्रुवारीत पुन्हा जात आहेत. झाडाखाली बसलेल्या सहापैकी पाच जणी त्यांत आहेत. आम्ही नव्या आयोजकाला तलावातील दोन सरावांची अट घातली, तेव्हा त्याने प्रथम हसून विषय टाळला. अकरा जणींचे पैसे हातचे जातील असे दिसल्यावर त्याने तारखा विचारल्या. पहिला सराव पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, नागपूर