मालवणात स्की सांभाळायच्या तर

रत्नागिरी,
१० मार्च

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

गुलमर्गहून स्की घेऊन तू मालवणात पोचलास, बरं झालं. पत्रात बेसवरच्या, म्हणजे स्कीच्या तळावरच्या, ओरखड्यांची काळजी भरपूर आहे, कडांच्या गंजाबद्दल मात्र एक अक्षर नाही. अरे, आठ-दहा दिवसांच्या बर्फात स्कीचं जेवढं नुकसान होतं त्याहून जास्त ती नंतर आपल्या खाऱ्या दमट हवेत नुसती पडून असताना होतं. कडा पोलादाच्या, आणि त्यांना रंग-मुलामा काही नसतो. ओल्या स्की बॅगेत बंद राहून दोन-तीन दिवस प्रवास करून आल्या असतील तर तांबूस ठिपके आत्ताच दिसतील.

पत्र वाचून झालं की बॅग उघड. गोड्या पाण्याने धू, पण तांब्याने पाणी ओतून. पाइपचा जोरदार फवारा बाइंडिंगवर, म्हणजे बूट धरणाऱ्या चापावर, मारलास तर आतलं ग्रीस निघून जाईल. मग सुती कापडाने पुसून रात्रभर पंख्याखाली ठेव. उन्हात टाकायची ती बॅग, स्की नव्हे. बुटांचे आतले मऊ मोजे काढून वेगळे वाळव, नाहीतर जुलैपर्यंत त्यांना बुरशी येईल.

ठिपके वरवरचे असतील तर गमी स्टोन, म्हणजे गंज खोडायचा रबरी दगड, कडेवरून हलक्या हाताने फिरवला की निघतात. नख अडकेल इतका गंज असेल तर ४०० नंबरचा डायमंड स्टोन, म्हणजे हिऱ्याच्या कणांची घासपट्टी, पाण्यात भिजवून लाव.

कामाचा क्रम बेस, मग कडा, शेवटी वॅक्स (मेण) असा ठेव. बाइंडिंगच्या ब्रेकचे दोन्ही दांडे वर ओढून रबराने बांध. स्कीचा शिकंजा नसेल तर दोन लाकडी स्टुलांवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे टाक, स्की हलत नाही.

बेस पॉलिथिलिनचा असतो. उथळ ओरखडे तसेच राहू दे, वॅक्समध्ये बुजतात. खोल असतील तर पी-टेक्सची, म्हणजे बेस बुजवायच्या प्लास्टिकची, कांडी पेटवून थेंब सोड. पहिले काजळी धरलेले थेंब जुन्या ताटलीत पडू दे, आणि कांडी बेसच्या जवळ धर. लांबून धरलीस तर काजळी मिसळते आणि भर ठिसूळ होते. खाच काठोकाठ भरून किंचित वर येऊ दे, पूर्ण थंड झाली की पोलादी स्क्रेपरने सपाट कर. खाचेत लाकूड किंवा पोलाद दिसत असेल तर मात्र पी-टेक्स टिकणार नाही, तो त्यांना धरत नाही. तिथे दुकानात नेऊन तुकडा बसवून घ्यावा लागतो, किंवा इपॉक्सी (पक्का गोंद) भरावा लागतो. दोन्हींच्या आधी आतली ओल जायला हवी, आणि आपल्याकडे त्याला दिवस लागतात.

कडेच्या दोन बाजू, दोन कोन. बेसकडची साधारण १ अंश, बाहेरची २ अंश. नक्की आकडा कंपनीच्या कागदावर बघ. बेसकडच्या बाजूला तू कानस लावूच नकोस. तिथला कोन एकदा वाढला की घरी कमी होत नाही, सगळा बेस यंत्रावर घासून घ्यावा लागतो. बाहेरच्या बाजूला कोन धरणारी पट्टी लावून कानस टिपकडून टेलकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडून मागच्या टोकाकडे, एकाच दिशेने, छोट्या छोट्या हातांनी चालव. आधी कडेवर काळ्या मार्करची रेघ ओढ आणि एकदा कानस फिरव. रेघ सगळीकडे सारखी गेली तर कोन बरोबर. काठालाच गेली किंवा काठालाच उरली तर पट्टीचा कोन चुकलाय. कानस फिरली की बेसच्या बाजूला धातूचा बारीक काठ उलटतो, कारखान्यात त्याला बर म्हणतात. तो डायमंड स्टोन बेसला सपाट धरून एकदा-दोनदा फिरवून काढ. लोखंडाचा कीस बेसवर राहू देऊ नकोस, तोही गंजतो.

आता वॅक्स. कपड्यांची इस्त्री चालते, पण वाफेची भोकं नसलेली, आणि तिने पुन्हा कपडे करायचे नाहीत. तापमान पाकिटावर छापलेलं असतं, सर्वसाधारण वॅक्सला १२०-१३० अंश. धूर निघाला म्हणजे इस्त्री जास्त तापली. वॅक्स इस्त्रीला टेकवून बेसवर नागमोडी थेंब सोड, मग इस्त्री सतत पुढे सरकव. मागे पाच-सहा सेंटिमीटर ओला माग राहिला पाहिजे आणि वरची बाजू हाताला जेमतेम कोमट लागली पाहिजे. एका जागी थांबलास तर बेस भाजतो, आतला गोंदही सुटू शकतो. जुन्या पेटीत फ्लोरोचं, म्हणजे फ्लोरिन असलेलं, वॅक्स निघालं तर वापरू नकोस. त्याचा धूर अंगाला वाईट, आणि २०२३-२४ च्या हंगामापासून स्पर्धांतही बंदी आहे.

आत्ता हे वॅक्स खरवडायचं नाही. जाड थर तसाच ठेव आणि दोन्ही कडांवरून वाहू दे, पावसाळ्यात तेच कडांचं पांघरूण. घरात आहे म्हणून कडांना खोबरेल चोळू नकोस. ते बेसवर पसरतं आणि मग वॅक्स नीट धरत नाही. डिसेंबरात प्लास्टिकच्या स्क्रेपरने टिपकडून टेलकडे खरवड, मग पितळी आणि नंतर नायलॉनचा ब्रश. खाली वर्तमानपत्र पसर. कीस फरशीवर पडला की पाय घसरतो, आणि तुझ्या घरात वयस्कर माणसं आहेत.

ठेवायची जागा नीट निवड. माळ्यावर नको, मे महिन्यात कौलांखाली भट्टी होते. पत्र्याच्या शेडचं तर नावच काढू नकोस. चिऱ्याची भिंत ओल धरते, तिला टेकवू नकोस. आतल्या खोलीत दोन खुंट्यांवर आडव्या ठेव, बेस समोरासमोर, मध्ये कागद, पट्टा सैल. प्लास्टिकमध्ये मुळीच गुंडाळू नकोस, आत दव साठतं.

बाइंडिंगचा डीआयएन आकडा, म्हणजे पडल्यावर बूट किती जोराला सुटेल तो, वजन, उंची, बुटाच्या तळाची लांबी, वय आणि कौशल्य यांवरून ठरतो. तो अंदाजाने फिरवू नकोस, गुलमर्गला दुकानात तपासून घे. स्प्रिंग सैल करून ठेवावी असं काही जण सांगतात. मला पटत नाही, कारण पुढच्या मोसमात ती पुन्हा घट्ट करायची राहून जाते.

जुलै-ऑगस्टात पंधरा दिवसांनी एकदा कडांवरून बोट फिरव. वॅक्स उडालं असेल तिथे वडी नुसती हाताने घास, इस्त्री काढायची गरज नाही.

आणि हो, वहिनींची इस्त्री उचलू नकोस. बाजारातून जुनी आण.

तुझा,
विनायक